पहिली मोटार आणि नवशिके हात

बारावीचा निकाल लागतो, पुढील शिक्षणाचा प्रवेश निश्चित होतो आणि अनेक मध्यमवर्गीय घरांत एक नवा विषय जेवणाच्या वेळी डोकावू लागतो. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला अथवा मुलीला मोटार घेऊन द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणती? महाविद्यालय दूर असते, शिकवणीहून परतण्यास उशीर होतो, घरातील वडीलधाऱ्यांना रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी कोणी तरी हवे असते. मागणी अवाजवी असतेच असे नाही. मात्र या प्रश्नाचा विचार बहुधा उलट्या क्रमाने होतो. प्रथम रंग, मग मॉडेल, मग हप्ता आणि सर्वांत शेवटी, वेळ उरलाच तर, सुरक्षितता व विमा. प्रस्तुत लेखात हा क्रम सुलटा करण्याचा प्रयत्न केला आहे.

परवान्याआधी किल्ली नको

मोटार वाहन कायद्यानुसार चारचाकी चालविण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. सोळा ते अठरा या वयात पालकांच्या संमतीने मिळणारा परवाना केवळ पन्नास सी.सी.पर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरता असतो. अठराव्या वर्षी प्रथम शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिन्यांची असून तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवान्यावर गाडी चालविताना पक्का परवानाधारक शेजारी बसलेला असणे आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर लावणे बंधनकारक आहे.

‘आमच्या सोसायटीतल्या सोसायटीत चालवतो’ असे म्हणून सतराव्या वर्षीच किल्ली देणाऱ्या पालकांनी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १९९-अ अवश्य समजून घ्यावे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात दोन तरुण अभियंत्यांचा मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. ती मोटार सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती, असे पोलिसांचे म्हणणे आहे. या घटनेनंतर पालकांच्या जबाबदारीची चर्चा देशभर झाली. कायदा मात्र त्यापूर्वी पाच वर्षे अस्तित्वात होता.

‘शिकायला जुनीच बरी’

नव्या चालकासाठी गाडी घेताना सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘शिकेपर्यंत जुनी खटारा चालेल, ठोकली तरी वाईट वाटणार नाही.’ व्यवहारी वाटणाऱ्या या सल्ल्यात एक मोठी गफलत दडलेली आहे. तो पत्र्याच्या नुकसानीचा हिशेब मांडतो, आत बसलेल्याचा मांडत नाही. वाहन चालविण्याचा अनुभव ज्याला सर्वांत कमी, त्याच्याच हाती घरातील सर्वांत कमी संरक्षण देणारी गाडी दिली जाते. आई-वडील मात्र वीस वर्षांच्या अनुभवासह सहा एअरबॅगच्या नव्या गाडीत बसतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. मृतांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांचा मृत्यू अतिवेगाच्या सदराखाली नोंदला गेला. नवशिक्या चालकाच्या बाबतीत परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वाधिक धोक्याचे असतात, रात्रीच्या वेळी तो धोका वाढतो आणि समवयस्क मित्र गाडीत असतील तर आणखी वाढतो, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणूनच काही देशांत नव्या चालकाला टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे अशी पायरी नाही. शिकाऊ परवान्यानंतर थेट पक्का परवाना मिळतो आणि त्याच दिवशी मध्यरात्री चार मित्रांसह द्रुतगती मार्गावर जाण्यास कायद्याची आडकाठी नसते. ती मधली पायरी घरानेच बांधावयाची असते.

यातून निघणारे सूत्र सोपे आहे. पहिली गाडी किमतीने साधी असावी, शक्तीने माफक असावी. संरक्षणात मात्र काटकसर नसावी.

सुरक्षिततेची कसोटी

गाडीची मजबुती दार आपटून येणाऱ्या आवाजावरून ठरत नाही. त्यासाठी आघात-चाचणी असते. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळविलेल्या या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना शून्य तारे मिळाले. त्यांपैकी फोक्सवॅगन पोलोची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली असता तिला चार तारे मिळाले. गाडी तीच, नाव तेच. फरक शून्य आणि चार यांतला. याच चाचण्यांतून दुसरी गोष्टही पुढे आली. काही गाड्यांचा सांगाडाच आघातात टिकला नाही, आणि ज्या गाडीचा सांगाडा कोसळतो तिला नुसत्या एअरबॅग लावून भागत नाही. सारांश, आधी सांगाडा, मग एअरबॅग. आणि नावापेक्षा आवृत्ती महत्त्वाची.

त्यानंतरच्या काळात परिस्थिती बरीच सुधारली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची मोटार ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुती सुझुकीच्या नव्या डिझायरलाही पाच तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची पद्धती सुरू झाली आहे. तीत प्रौढ प्रवासी व बालप्रवासी यांच्या संरक्षणासाठी वेगवेगळे तारे दिले जातात. ही चाचणी उत्पादकांच्या इच्छेवर अवलंबून असल्याने प्रत्येक गाडीला तारे असतीलच असे नाही. म्हणून विक्रेत्याला ‘या गाडीला किती तारे आहेत?’ एवढेच न विचारता ‘मी घेत असलेल्या आवृत्तीला, कोणत्या वर्षीच्या चाचणीत, किती तारे मिळाले?’ असे विचारावे.

ताऱ्यांखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एअरबॅगची संख्या. समोरच्या दोन एअरबॅग समोरून येणाऱ्या आघातासाठी असतात. चौकात बाजूने बसणाऱ्या धडकेत उपयोगी पडतात त्या बाजूच्या व पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग. दुसरी, चाके न अडकता ब्रेक लावू देणारी ए.बी.एस. यंत्रणा. नवशिका चालक घाबरून ब्रेक पूर्ण दाबतो, आणि नेमक्या त्या क्षणी स्टिअरिंग आपल्या ताब्यात ठेवणारी ही सोय आहे. तिसरी, वळणावर अथवा ओल्या रस्त्यावर गाडी घसरू लागताच स्वतः होऊन चाकांना आवर घालणारी स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा, म्हणजेच ई.एस.सी. पंचेचाळीस हजारांचा म्युझिक सिस्टिमचा संच आणि तेवढ्याच किमतीने वरची, अधिक एअरबॅगची आवृत्ती यांत निवड करावयाची झाल्यास द्विधा होण्याचे कारण नाही.

आकार, शक्ती आणि दृष्टी

अठराव्या वर्षी मोठ्या, उंच, सात आसनी गाडीचे आकर्षण असते. पालकांनाही ‘मोठी म्हणजे सुरक्षित’ असे वाटते. हे अर्धसत्य आहे. जड गाडी आघातात आतल्यांना काही प्रमाणात वाचविते खरी, परंतु उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, ती थांबविण्यास, वळविण्यास व मागे घेण्यास अधिक कसब लागते, आणि सात आसने म्हणजे सात मित्र हे ओघाने आलेच. उलट अगदी हलकी, कमकुवत सांगाड्याची गाडीही योग्य नव्हे. चार मीटरच्या आतील, चांगले तारे मिळविलेली हॅचबॅक अथवा लहान सेडान हा बहुतेक घरांसाठी मध्यममार्ग ठरतो.

इंजिन माफक शक्तीचे असावे. टर्बो इंजिनाची अथवा विजेवर चालणारी मोटार घेण्याचा विचार असल्यास ती क्षणार्धात वेग घेते हे ध्यानात ठेवावे. अशा गाडीत वेग मर्यादित ठेवणारी पद्धत उपलब्ध असेल तर पहिले वर्षभर तीच वापरावी. गर्दीच्या शहरात स्वयंचलित गिअरमुळे नवशिक्याचे लक्ष रस्त्यावर अधिक राहते, म्हणून तिचाही विचार करण्यास हरकत नाही. आणि खरेदीपूर्वी ज्याने गाडी चालवावयाची त्यालाच आसनावर बसवून पाहावे. पाय पॅडलपर्यंत नीट पोहोचतात काय, बॉनेटचे टोक व मागची काच स्पष्ट दिसते काय, आरसे पुरेसे मोठे आहेत काय? वडिलांच्या उंचीला योग्य गाडी लेकीच्या उंचीला योग्य असेलच असे नाही.

जुनी गाडी घ्यावयाची असेल तर

जुनी गाडी म्हणजे वाईट गाडी असे मुळीच नाही. मर्यादित अंदाजपत्रकात चांगल्या प्रतीची तीन-चार वर्षे वापरलेली गाडी ही नव्या पण साध्या आवृत्तीपेक्षा अधिक सुरक्षित ठरू शकते. मात्र गाडीचे वय किलोमीटरवरून न मोजता नियमांच्या तारखांवरून मोजावे. सर्व नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी घंटी आणि ताशी ८० किलोमीटरनंतर वाजणारी वेगसूचना जुलै २०१९ पासून आवश्यक झाली. समोरून व बाजूने होणाऱ्या आघाताच्या किमान चाचणीचा नियम ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू झाला. चालकाशेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग २०२१ च्या अखेरीपर्यंत सर्व मोटारींत बंधनकारक झाली. म्हणजेच २०२२ वा त्यानंतर तयार झालेल्या गाडीत ही किमान सामग्री असणारच. त्यापूर्वीच्या गाडीत ती आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे. उत्पादनाचा महिना व वर्ष नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजेच आर.सी.वर दिलेले असते.

विश्वासू मेकॅनिककडून गाडी तपासून घेताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: या गाडीच्या एअरबॅग पूर्वी कधी उघडल्या होत्या काय, आणि उघडल्या असल्यास नव्या बसविल्या आहेत काय? गाडी सुरू करताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझतच नसेल तर थांबावे. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. नक्षीची खोली भरपूर दिसत असली तरी सात-आठ वर्षांचे टायर नवशिक्याच्या पायाखाली देऊ नयेत.

कागदपत्रांच्या बाबतीत हयगय नको. आर.सी.वर एखाद्या बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदविलेला असेल तर त्या बँकेचे ना-हरकत पत्र व प्रपत्र ३५ घेऊन तो उतरविल्याखेरीज व्यवहार पूर्ण समजू नये. थकलेली ई-चलने ‘परिवहन’ संकेतस्थळावर पाहता येतात. मालकी हस्तांतरासाठी प्रपत्र २९ व ३० लागतात आणि विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांत मागावे लागते. हस्तांतराचे कागद टेबलाच्या खणात पडून राहिले तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले आहे: परिवहन खात्याच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक व तोच भरपाईस जबाबदार. हे विकणाऱ्याने जितके लक्षात ठेवावे, तितकेच घेणाऱ्यानेही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले परराज्यांत शिकतात. इंदूरची अथवा बडोद्याची गाडी पुण्यात वर्षभराहून अधिक काळ वापरावयाची असल्यास तिची नव्या राज्यात नोंदणी करावी लागते. ज्यांची नोकरी बदलीची आहे अशा बँक कर्मचाऱ्यांना २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बी.एच.’ म्हणजे भारत मालिकेच्या नोंदणीचा पर्याय विचारात घेता येईल. ती नोंदणी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावावरील वाहनासाठी असते.

हप्ता म्हणजे खर्च नव्हे

आता बँकेच्या खिडकीवरचा विषय. ‘हप्ता किती बसेल?’ हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. ‘गाडी महिन्याला किती खाईल?’ हा प्रश्न फार थोडे विचारतात. उदाहरणादाखल सहा लाख रुपये शोरूम किमतीची एक लहान गाडी घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्के झाल्याने या गटातील किमती उतरल्या आहेत. समजा, चार लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता ८,३०३ रुपये होईल. महिन्याला ६०० किलोमीटर धाव, लिटरला १८ किलोमीटर व पेट्रोलचा दर १०५ रुपये धरल्यास इंधन ३,५०० रुपये. वार्षिक विमा १८,००० धरल्यास महिन्याला १,५००. सर्व्हिसिंगसाठी १,०००, टायर व बॅटरीची तरतूद ८००, पार्किंग व टोल ७००. बेरीज १५,८०३ रुपये. म्हणजे हप्ता हा प्रत्यक्ष खर्चाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक आहे. आकडे प्रत्येक घरी बदलतील. प्रमाण मात्र फारसे बदलत नाही. ज्या घराला हप्ता झेपतो पण ही बेरीज झेपत नाही, त्या घरात पहिली कात्री विम्याला व टायरला लागते, म्हणजेच नेमकी सुरक्षिततेला.

दुसरी बाब कर्जाच्या मुदतीची. याच गाडीसाठी दोन मार्ग पाहू. पहिल्या कुटुंबाने दोन लाख स्वतःचे घातले व चार लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले. दुसऱ्याने साठ हजार घातले व ५,४०,००० रुपयांचे कर्ज सात वर्षांसाठी घेतले. व्याजदर दोघांनाही नऊ टक्के. पहिल्याचा हप्ता ८,३०३, दुसऱ्याचा ८,६८८. अंतर अवघे ३८५ रुपयांचे, म्हणून दुसरा मार्ग मोहक वाटतो. परंतु पहिला एकूण सुमारे ९८,२०० रुपये व्याज देतो, तर दुसरा सुमारे १,८९,८०० रुपये.

खरी कसोटी लागते ती अनपेक्षित प्रसंगी. समजा, दोन वर्षे पूर्ण होताच अपघातात गाडी पूर्णतः निकामी झाली. विम्याच्या प्रचलित घसारा-कोष्टकानुसार दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीचे विमाघोषित मूल्य तीस टक्क्यांनी घटलेले असते, म्हणजे सहा लाखांच्या गाडीचे ४,२०,००० रुपये. ही रक्कम प्रथम कर्जफेडीकडे वळते. पहिल्या कुटुंबाकडे सुमारे २,६१,००० कर्ज बाकी असेल. ते फिटून जवळजवळ १,५९,००० हाती राहतील. दुसऱ्याची बाकी सुमारे ४,१८,५०० असेल. त्याच्या हाती राहतील अवघे दीड हजार. गाडी नाही, पैसाही नाही, आणि मुलाचे महाविद्यालय अजून संपावयाचे आहे. शक्यतो कर्जाची मुदत मुलाच्या शिक्षणाच्या मुदतीच्या फार पलीकडे जाऊ देऊ नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार मुख्य तथ्य-विवरण मिळते. त्यात सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक दर एकाच ठिकाणी दिलेला असतो. ते वाचूनच सही करावी.

गाडी कोणाच्या नावावर?

अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती करार करण्यास सक्षम असते, परंतु विद्यार्थ्याला उत्पन्न नसल्याने कर्ज बहुधा आई अथवा वडिलांच्या नावे होते व गाडीही त्यांच्याच नावे नोंदली जाते. यात गैर काही नाही. मात्र त्यामुळे विम्यात एक फट राहते व ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

वाहनविम्याबरोबर घ्यावयाचे पंधरा लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण ‘मालक-चालका’साठी असते. नोंदणीकृत मालक स्वतः, वैध परवान्यासह चालवीत असेल तरच ते लागू पडते. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालविते मुलगी, तर हे पंधरा लाखांचे छत्र तिच्या डोक्यावर नाही. थर्ड पार्टी विमा हा नावाप्रमाणेच त्रयस्थासाठी आहे. दुसऱ्याची गाडी मागून चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील एका निवाड्यात घेतली आहे. तेव्हा विमा उतरविताना मुलाच्या अथवा मुलीच्या नावे स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी, शिवाय प्रवाशांसाठीचे अपघात संरक्षणही जोडून घ्यावे. पहिली दोन-तीन वर्षे ‘झिरो डेप्रिसिएशन’ची जोडही उपयोगी पडते, कारण नवशिक्याचे बंपर व आरसे हे ठरलेले नुकसान असते आणि प्लॅस्टिकच्या भागांवर एरवी मोठी घट कापली जाते. मात्र प्रत्येक ओरखड्यासाठी दावा करू नये. दावा नसलेल्या पहिल्या वर्षी वीस टक्के व सलग पाच वर्षांनंतर पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचणारा नो क्लेम बोनस एका लहानशा दाव्याने शून्यावर येतो.

आणि परवाना नसलेल्या हातात गाडी गेली तर? गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. जखमीला अथवा मृताच्या वारसांना न्यायाधिकरण कंपनीकडून रक्कम देववू शकते, परंतु ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग कंपनीला मोकळा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केले आहे. मृत्यू वा इजेच्या भरपाईला कायद्याने कमाल मर्यादा नाही. एका संध्याकाळच्या लाडाची किंमत कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीएवढी असू शकते.

किल्ली देण्यापूर्वी

कायद्याने न बांधलेली मधली पायरी घराने बांधावी, असे वर म्हटले आहे. त्यासाठी पहिल्या सहा महिन्यांचा एक साधा लेखी करार करावा आणि तो मुलाशी बसून, त्याचे ऐकून घेऊन करावा. त्यात पुढील मुद्दे असावेत.

• रात्री दहानंतर एकट्याने गाडी चालवावयाची नाही.
• पहिले तीन महिने बरोबर एकच मित्र अथवा मैत्रीण. त्यानंतर हळूहळू संख्या वाढेल.
• महामार्गावर व घाटात प्रथम पालकांसह. पाऊस, धुके व रात्र यांचा सराव प्रत्येकी वेगळा.
• मोबाइल मागील आसनावर. रस्ता शोधावयाचा तर निघण्यापूर्वी.
• गाडीतील प्रत्येकाने पट्टा लावल्याखेरीज इंजिन सुरू होणार नाही.
• मद्यप्राशन केले असेल तर घरी दूरध्वनी. कितीही वाजता. न्यावयास येणारा त्या रात्री प्रश्न विचारणार नाही.

पट्ट्याविषयी थोडे अधिक. मागील आसनावर पट्टा लावणे नियमाने आवश्यक असून न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, तरीही ‘मागे कशाला?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व मागील आसनावरील त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी व भक्कम होती. त्या एका वर्षात देशात पट्टा न लावलेल्या १६,७१५ व्यक्ती मृत्यू पावल्याची नोंद आहे. त्यांपैकी जवळजवळ निम्मे प्रवासी होते. पाच तारे असोत की सहा एअरबॅग, ही सारी सामग्री पट्टा लावलेल्या शरीरासाठीच रचलेली असते.

करारातील शेवटचे कलम पालकांसाठी असावे. सिग्नल तोडणारे, बोलत-बोलत गाडी हाकणारे वडील सहा महिन्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलवर पाणी फिरवतात. मूल अठरा वर्षे मागील आसनावरून शिकतच असते.

ज्या घरात आधीच एअरबॅग व ए.बी.एस. असलेली मोटार आहे, तेथे पहिले वर्ष तीच मुलाच्या हाती देणे व नवी खरेदी पुढे ढकलणे हा उत्तम पर्याय ठरू शकतो. दोन गाड्यांपैकी एक निवडावयाची तर अधिक सुरक्षित गाडी नवशिक्याला द्यावी आणि जुनी अनुभवी हातांनी वापरावी. नवी घ्यावयाचीच असेल तर शाखेत येण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून आणाव्यात: गाडीची नेमकी आवृत्ती व तिचे तारे, महिन्याचा एकूण खर्च, स्वतः घालावयाची रक्कम, कर्जाची मुदत आणि चालविणाऱ्याच्या नावाचा अपघात विमा. या पाच उत्तरांनंतर रंग कोणताही निवडावा. तो अधिकार निःसंशय मुलांचा आहे.